बाद केलेला सिलिंडर

नाथाजीला लोक मिस्त्री म्हणू लागले ते लढाईनंतर. त्याआधी तो माण तालुक्यातल्या एका कोरड्या वाडीतला तिसरा भाऊ होता. दोन थोरले शेताला पुरून उरत होते, आणि ते शेत तरी काय, बाजरी आली तर आली, नाही तर कुसळं. बेचाळीस साली साताऱ्याला भरती निघाली तेव्हा तो चालत गेला, छाती मोजून घेतली आणि तिकडूनच आगगाडीत बसला. आईला निरोप दुसऱ्या कुणी तरी पोचवला.

त्याला धाडलं आसामच्या डोंगरात. ब्रह्मदेशाकडं जाणारा रस्ता तिथं डोंगर फोडून निघत होता, आणि त्या रस्त्यावर चिखलात लडबडलेले बुलडोझर चालत होते. बुलडोझरच्या तोंडाला जे भलंमोठं पोलादी पातं असतं, ते दोन बाजूंच्या दोन सिलिंडरांच्या जोरावर उचललं जातं. तेलाचा दाब आत शिरला की दांडा सरकतो आणि पातं वर येतं. दाब टिकला तर पातं टिकतं. तेल गळालं, की एवढं मोठं धूड लुळ्या हातासारखं खाली येतं.

नाथाजी पडला सिलिंडर बांधायच्या कामावर. रावळपिंडीकडचा एक उस्ताद त्याला भेटला, मोजकं बोलणारा. त्याच्या हाताखाली तो शिकला: नळकांडं खोलायचं, आतून बोट फिरवून खरखर कुठं लागते ते पाहायचं, गोल लाकडाला एमरीचा कागद गुंडाळून ती घासून काढायची, वाकलेला दांडा ठोकळ्यांवर सरळ करायचा आणि दट्ट्याला तेल अडवणारी नवी वाटी बसवायची. जहाजातून येणाऱ्या रबरी वाट्या त्या दमट हवेत कडक होऊन तडकायच्या. म्हणून उस्ताद म्हशीच्या कातड्याच्या वाट्या कापायचा आणि मेणाचरबीत मुरवून बसवायचा. नाथाजीला त्या कामाची गोडी लागली. पिकाचं कधी सांगता यायचं नाही, पण नीट बांधलेला सिलिंडर नीटच चालतो, हे त्याला फार आवडलं.

तिथंच त्याला भाऊसो भेटला. भाऊसो सांगलीजवळच्या कृष्णाकाठचा, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. अंगानं उंच, बोलण्यात गोड, आणि बुलडोझर असा चालवायचा की गोरे साहेबसुद्धा बघत उभे राहायचे. एका पावसाळ्यात कडा सुटला आणि नाथाजी छातीपर्यंत चिखलात गाडला गेला. बाकीचे मागं पळाले, कारण वरून अजून माती येत होती. भाऊसो तेवढा पुढं आला. फावड्यानं लागेल म्हणून त्यानं हातांनी चिखल उकरला, आणि बोटांची नखं निघेपर्यंत उकरला. नाथाजीला बाहेर ओढल्यावर तो म्हणाला, "गड्या, तू मेलास तर माजं मशीन कोन बांधंल?" आणि दोघंही तिथंच चिखलात बसून हसले.

तो दिवस नाथाजी विसरला नाही. पुढं जे झालं त्यानंतरही विसरला नाही, आणि हेच त्याला सगळ्यात जड गेलं.

लढाई संपली आणि सरकारनं लढाईचा माल मोडीत काढला. भाऊसोच्या वडिलांच्या शब्दाला सांगलीत वजन होतं. त्या शब्दावर दोघांनी दोन बुलडोझर उचलले. एक चालता, दुसरा नुसता सांगाडा, सुट्या भागांसाठी. कागद भाऊसोच्या नावावर झाले. नाव कुणाचं लावायचं, हा प्रश्न नाथाजीच्या मनातसुद्धा आला नाही. मिरजेच्या रस्त्याला पत्र्याची शेड उभी राहिली. काम आणायचं आणि मशीन चालवायचं भाऊसोनं, मशीन राखायचं नाथाजीनं, शेडची किल्लीही त्याच्याकडं.

त्याच वर्षी भाऊसोनं आपली धाकटी बहीण लीला नाथाजीला दिली. कृष्णाकाठची पोरगी माणदेशात द्यायची म्हणजे नदीतला मासा खडकावर टाकायचा, असं भावकी म्हणाली. भाऊसोनं कुणाचं ऐकलं नाही. माणदेशाला देत नाही, मिस्त्रीच्या हाताला देतोय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. लग्न झालं तसा तो मित्राला दाजी म्हणू लागला, अरेतुरे सोडून अहोजाहो करू लागला. नाथाजीला सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली.

लीलाबाई शांत बाई. नवरा शेडमधून तेलकट हातांनी आला की ती आधी राख आणि गरम पाणी पुढं ठेवायची. कातड्याच्या वाट्या मेणात मुरवायचं कामसुद्धा ती शिकली. मेण किती तापलं की कातडं करपतं, हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. नाथाजी जिथं तिथं कौतुकानं सांगायचा, की अर्ध्या सिलिंडरावर आमच्या हिचा हात आहे.

मशीन गावोगाव फिरलं. उसासाठी रानं सपाट केली, ओढ्यांना बांध घातले. चांगलं नाव झालं. नाथाजीच्या सिलिंडरांची तर गोष्टच होऊन बसली. संध्याकाळी पातं उचलून ठेवलं तर सकाळी ते तसंच अधांतरी असायचं, बोटभरसुद्धा खाली आलेलं नसायचं. पात्याखाली कुणी जायचं असेल तर आधी लाकडी ओंडका लावायचा, हा लष्करातला नियम. नाथाजी तो सगळ्यांना सांगायचा. पण त्याच्याच कामामुळं लोकांना ओंडक्याची गरज वाटेनाशी झाली होती.

एकोणपन्नासच्या हिवाळ्यात म्हसवडच्या पुढं एका वाडीत मोठं काम मिळालं. ओढ्यावर बांध घालून तळं करायचं होतं. गावातले जाणते नानासो यांनी चार वाड्या एकत्र केल्या होत्या. नाथाजीला त्या कामाचं अगत्य वाटलं, कारण ते त्याच्याच मुलखातलं. पाणी नसणं म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं. मशीनवर हाताखाली म्हणून वाडीतला कोंडीबा लागला. हा मेंढक्या. रानोमाळ भटकणारा माणूस, पण मशीन आलं त्या दिवसापासून त्याला त्याचा लळा लागला. मेंढरं भावाच्या हवाली करून तो दिवसभर मशीनच्या मागं-पुढं असायचा, ग्रीस भरायचा, पात्यात अडकलेल्या मुळ्या ओढून काढायचा. जेवताना मशीनकडं बघत नाथाजीला विचारायचा, की ह्येच्या पोटात काय काय हाय? नाथाजी सांगायचा. दोघांचं जमलं.

तिकडं शेडमध्ये दुसऱ्या मशीनची जुळणी चालली होती. सांगाड्याला इंजिन मिळालं, साखळ्या मिळाल्या. राहिला एक सिलिंडर. सांगाड्याचा जो स्वतःचा होता तो कधी काळी खाऱ्या पाण्यात पडून होता. आतून देवीचे वण असावेत तसे खड्डे पडलेले, आणि दांड्याच्या टोकाला जो कान असतो, त्याच्याजवळच्या जोडाला केसाएवढी चीर. नाथाजीनं तो तपासला, खडूनं त्याच्यावर फुली मारली आणि कोपऱ्यात टाकला. भाऊसोला त्यानं सांगितलं, की हा बाद. नळकांडं लेथवर वाढवून घ्यावं लागेल, दांडा नवा करावा लागेल, तोवर दुसरं मशीन उभं करायचं नाही. भाऊसो म्हणाला, बरं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नाथाजीला आसामच्या तापानं पुन्हा धरलं. हा हिवताप त्याच्या अंगातच राहिला होता, मधूनमधून उठायचा, पण या वेळी उठला तो असा की माणूस ओळखू येईना. सांगलीच्या घरात तो घोंगड्यांखाली कुडकुडत पडून राहिला. लीलाबाई कपाळावर पट्ट्या ठेवायची, कोयनेलच्या गोळ्या द्यायची. बाहेर कोण येतं, कोण जातं, याचं त्याला भान नव्हतं.

तापातून उठून तो पेज प्यायला लागला होता, तेव्हा वाडीहून माणूस आला. पातं पडलं होतं. बाभळीची मुळी अडकली म्हणून कोंडीबा पात्याखाली शिरला होता. ओंडका लावलेला नव्हता. एका बाजूच्या सिलिंडरातून तेलाची चिळकांडी उडाली आणि पातं खाली आलं. कोंडीबाला ट्रकमध्ये घालून साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

नाथाजी उठला, भिंत धरून उभा राहिला आणि म्हणाला, मला तिकडं न्या. लीलाबाई म्हणाली, अंगात जीव नाही तुमच्या. तो गेलाच.

वाडीच्या चावडीत माणसं जमली होती. भाऊसो मध्ये उभा होता, डोक्यावरचा पटका काढून हातात घेतलेला. त्यानं सगळ्यांपुढं हात जोडले. सिलिंडर दाजींनीच बांधला होता, असं तो म्हणाला. अंगात ताप घेऊन काम करत होते, हातून चूक झाली असेल, माणूस आहे. दाजींच्या वतीनं मी गावाची माफी मागतो. ऐकणाऱ्यांना वाटलं, काय मेहुणा आहे, दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेतोय.

नाथाजीनं मान खाली घातली. त्याला आठवत होतं की दोन्ही सिलिंडर त्यानं धडधाकट असताना बांधले होते. पण तापानं डोकं असं पोखरलं होतं, की आपल्याच आठवणीवर त्याचा भरवसा बसेना. तो पुढं झाला आणि म्हणाला, "माजी चूक हाय."

तिथून तो साताऱ्याला गेला आणि दवाखान्यात कोंडीबाच्या उशाशी बसून राहिला. कोंडीबाची बायको राहीबाई त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. कोंडीबानंच एकदा डोळे उघडून तिला सांगितलं, की मिस्त्रीला कुणी काही बोलायचं नाही. मी ओंडका लावायला पाहिजे होता. ते ऐकून नाथाजी बाहेर व्हरांड्यात गेला आणि खांबाला कपाळ टेकून उभा राहिला.

त्यानंतर त्यानं हत्यार धरलं नाही. शेडमध्ये जायचा, बसायचा, परत यायचा. जेवायला बसला की दोन घासांत हात धुवायचा. लीलाबाई ताट उचलून न्यायची, काही बोलायची नाही. त्याला वाटायचं, आपल्या दुःखाला धक्का लागू नये म्हणून ती गप्प आहे. मनातल्या मनात तो तिचे उपकार मानायचा.

भाऊसोनं वाडीच्या मशीनला कुठून तरी दुसरा सिलिंडर मिळवला आणि काम पुढं चालू केलं. पडलेला सिलिंडर शेडमध्ये आणून टाकला. त्याला हात लावू नका दाजी, उगीच जीवाला त्रास, मोडीत घालू, असं तो दोनतीनदा म्हणाला. पण उन्हाळा लागला तशी नाथाजीच्या मनानं एक उचल खाल्ली. आपला हात नेमका कुठं चुकला, एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे. ते कळल्याशिवाय पुन्हा कुणाचंही मशीन बांधायचा आपल्याला हक्क नाही. एका सकाळी त्यानं दार लोटून घेतलं आणि सिलिंडर खोलायला घेतला.

वरचा हिरवा रंग ताजा होता. टोपण निघालं, दट्ट्या बाहेर आला, आणि नाथाजी बघत राहिला. दट्ट्यावर कातड्याची वाटी नव्हती. जुनी रबरी वाटी होती, काळी, कडक, तीन ठिकाणी तडकलेली. त्यानं नळकांड्यात बोट घातलं. खड्डे लागले. तो दांडा उचलून दारातल्या उन्हात घेऊन गेला. कानाजवळचा जोड चिरेवर उकलला होता. नळकांड्यावरचा रंग बोटानं खरवडला तर खाली खडूची फिकट पांढरी रेघ निघाली.

हा त्यानं बांधलेला सिलिंडर नव्हताच. हा त्यानं बाद केलेला सिलिंडर होता.

पहिल्यांदा त्याला सुटल्यासारखं वाटलं. आपला हात चुकला नव्हता. त्या भरात तो शेडमध्येच खाली बसला आणि त्याला रडू आलं. मग रडता रडताच दुसरा विचार आला, आणि रडू थांबलं. मग माझा सिलिंडर कुठं आहे?

दुसरं मशीन तासगावच्या बाजूला एका बागायतदाराच्या रानात काम करत होतं. ते उभं राहिलं कसं, हे नाथाजीनं आपल्या दुःखात कधी विचारलंच नव्हतं. तो मोटारीनं तासगावला गेला, तिथून रानापर्यंत चालत गेला. भाऊसो स्वतः मशीनवर होता. पातं उचललेलं, स्थिर. उजव्या बाजूच्या सिलिंडरावर टोपणाच्या कडेला पोलादी पंचानं ठोकलेले दोन ठिपके नाथाजीला जवळ जाताच दिसले. आपण बांधलेल्या प्रत्येक सिलिंडरावर तो ते मारायचा.

भाऊसोनं त्याला बघितलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"दाजी, आवं उन्हात कशाला आलासा?"

"ह्यो सिलिंडर हितं कसा आला?"

भाऊसो हात पुसत राहिला. चिंध्या काळ्या झाल्या तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "पयल्यांदा आठवड्याचंच काम हुतं. ह्या मालकाला शब्द दिल्याला. मशीन हुबं न्हाई केलं तर काम दुसऱ्याच्या हातात जातं. वाडीचं काम हलकं, नुसती माती. म्हटलं तवर त्यो जुना चालंल. परत बदलणारच हुतो."

"मी बाद केला हुता त्यो."

"तुमी समदंच बाद करता, दाजी."

नाथाजी त्याच्या बोटांकडं बघत होता. आसामात निघालेली नखं पुन्हा आली होती, पण वाकडी. याच बोटांनी त्याला चिखलातून काढलं होतं, आणि याच बोटांनी फुलीवर रंग फासला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या, हे त्याच्या डोक्यात एकत्र बसेना.

"आन् चावडीत माजं नाव घेतलंस."

"मग काय करू?" भाऊसोचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि लगेच खाली आला. "माजं नाव निघालं असतं तर दोन्ही मशिनं गेली असती. तुमी आजारी माणूस. आजारी माणसाच्या चुकीला कोण फाशी देतंय? निभावलं का न्हाई? लीलाला बी मी ह्येच सांगितलं."

नाथाजीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "लीलाला कवा सांगितलं?"

"तवाच. शेडची किल्ली तुमच्या उशाखाली. तिनंच काढून दिली की."

नाथाजी तिथूनच मागं फिरला. घरी आला तेव्हा लीलाबाई सुपात जोंधळे पाखडत बसली होती. तो उंबऱ्यावर थांबला आणि त्यानं विचारलं, किल्ली तू दिलीस का? सूप थांबलं. ती म्हणाली, दिली.

मग ती आपणहून बोलत गेली. तुम्ही तापात बरळत होता. दादा म्हणाला आठवड्यात परत बसवतो, तुम्हाला कळायच्या आत. सिलिंडरातलं मला काय कळतंय. पातं पडलं तेव्हा दादानं आईची आण घातली, की बोललीस तर माहेर तुटलं. नाथाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"मी जेवत नव्हतो," तो म्हणाला. "तू बघत हुतीस."

"बघत हुते."

तिनं पुन्हा सूप हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडवर गेला तर दाराला नवं कुलूप होतं. फटीतून आत पाहिलं, तर खोललेला सिलिंडर जागेवर नव्हता. मोडीच्या गाडीतून तो रातोरात गेला असणार. आता दाखवायला त्याच्याकडं काही उरलं नव्हतं. तरी तो वाडीला गेला.

कोंडीबा खोपटासमोर बाजेवर बसला होता, कुबडी शेजारी टेकवलेली. समोरच्या माळावर त्याच्या भावाची मेंढरं चरत होती. नाथाजीनं त्याच्यापुढं जमिनीवर बसून जसं घडलं तसं सांगितलं. सांगताना त्याला मनात कुठं तरी वाटत होतं, की कोंडीबाचा चेहरा मोकळा होईल, तो म्हणेल, मला ठाऊक होतं मिस्त्री, तू असं करणार नाहीस. कोंडीबानं मेंढरांकडं तोंड फिरवलं.

"तुजी चूक हाय म्हनून सांगितलं हुतं मला," तो म्हणाला. "चूक म्हंजी कसं, मेंढरू कड्यावरनं घसरतं. कुनी ढकलत न्हाई त्येला. तसं धरलं मी, आन् गिळलं. आता तू म्हनतोस, ठावं असून बसवला. ह्ये मी कुठं ठिवू, मिस्त्री?"

राहीबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तो तिनं खाली ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली. "तुमचं वज्जं उतरलं," ती म्हणाली. "आमच्या दारात टाकलंसा आन् उतरलं."

नाथाजी जायला उठला. पण कोंडीबानंच मग नानासोंना निरोप धाडला आणि चावडी बोलावली. म्हणाला, खरं असेल तर ते चारचौघांत होऊ दे.

भाऊसो आला, धुतलेल्या कपड्यांत. नाथाजीनं उभं राहून सांगितलं तेवढा वेळ तो मान हलवत ऐकत होता, जसा आजारी माणसाचा हट्ट आपण ऐकतो. मग त्यानं नानासोंना सांगितलं, की ताप डोक्यात गेलाय. दाजींना आता आपली चूक सहन होत नाही, म्हणून ती माझ्या अंगावर टाकतायत, टाकू देत. मी काही मनाला लावून घेत नाही. आणि बांधाचं राहिलेलं काम पावसाळ्याच्या आत पुरं करून देतो, हा माझा शब्द. हे शेवटचं वाक्य त्यानं सगळ्या चावडीकडं फिरून म्हटलं.

नानासो समजूतदार माणूस होते. त्यांनी विचारलं, याला कुणी साक्षी आहे का? नाथाजी म्हणाला, माझी बायको आहे.

लीलाबाईला सांगलीहून आणायला माणूस गेला. ती दुसऱ्या दिवशी आली. येताना गाडीत शेजारी भाऊसोची बायको होती. लीलाबाई चावडीच्या पायरीखाली, बायकांच्या बाजूला पदर घेऊन उभी राहिली. नानासोंनी सरळ विचारलं, बाई, शेडची किल्ली तुम्ही भावाला दिली का? नाथाजी तिच्याकडं बघत होता. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. घरात उंबऱ्यावर तिनं जसं सांगितलं होतं तसं ती आताही सांगेल, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. कसंही झालं तरी ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

"मला काय ठावं न्हाई," लीलाबाई म्हणाली.

चावडी मोडली. कुणी नाथाजीला वाईट बोललं नाही. एकदोघांनी तर पाठीवर हात ठेवला, जरा विश्रांती घे म्हणाले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नानासो त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "बांध पुरा व्हायला पायजे, नाथाजी. तुज्या-माज्या मुलखाला पानी पायजे. बाकीचं मागनं बघू." यावरून नाथाजीला कळलं, की म्हाताऱ्याला खरं काय ते कळलं आहे, आणि कळूनही त्यानं निवड केली आहे. त्या निवडीला चूक म्हणायचंही नाथाजीच्या जिभेवर येईना.

तो सांगलीला परत गेला नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी साताऱ्याला गेला. पोवई नाक्याजवळ एका पेन्शनर सुभेदारानं मोटारदुरुस्तीचं दुकान काढलं होतं. तिथं लष्करातली ओळख सांगून तो कामाला लागला आणि मागच्या खोलीत राहिला. सुरुवातीला ट्रकांची इंजिनं, ब्रेक, एवढंच करायचा. पावसाळ्यात कोयनेच्या बाजूला रस्ता काढणाऱ्या एका ठेकेदाराचं मशीन आलं, ते पातं उचलत नव्हतं. सुभेदारानं विचारलं, जमेल का? नाथाजीनं मशीनभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, जमेल, पण बसवताना मी स्वतः जाणार, आणि काम चालू असेपर्यंत तिथंच राहणार. त्यानं सिलिंडर बांधला, घाट चढून मशीनबरोबर गेला आणि पावसात ताडपत्रीखाली मशीनच्या शेजारी झोपला. ठेकेदाराची माणसं हसली. नाथाजीनं हसू दिलं.

वाडीचं तळं त्या पावसात भरलं, असं त्याला कुणी तरी सांगितलं. तो म्हणाला, चांगलं झालं. आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

दिवाळीनंतर लीलाबाई आली. हातात पत्र्याची ट्रंक, एकटी. सुभेदारानं तिला दुकानाच्या मागं धाडलं. नाथाजी एका जॅकची वाटी बदलत होता. तो उठला नाही. ती दारातच उभी राहून बोलली. ती आधी वाडीला जाऊन आली होती. कोंडीबाच्या खोपटासमोर उभी राहून तिनं नवराबायकोला सांगितलं होतं, की किल्ली मी दिली आणि चावडीत मी खोटं बोलले. राहीबाईनं तिला पाणी दिलं. तिथून ती नानासोंकडं गेली. नानासो म्हणाले, आता कशाला बाई, तळं भरलं. इतके महिने ती सांगलीला भावाच्या घरी राहत होती. तिथं परत जाऊन तिनं त्याला सांगितलं, की मी बोलून आले. त्यानं तिची ट्रंक अंगणात ठेवली.

"आता मला माहेर न्हाई," ती म्हणाली. "म्हनून आले असं समजू नका. आदी बोलले, मग माहेर गेलं."

नाथाजीनं हातातली वाटी बसवून पुरी केली, हात पुसले आणि ट्रंक उचलून खोलीत ठेवली. चुलीवर भाकरी होती, ती त्यानं दाखवली. मग तो पुन्हा कामाला बसला.

पुढं ती दोघं साताऱ्यातच राहिली. भांडण कधी झालं नाही. लीलाबाई पुन्हा मेण तापवून कातडं मुरवू लागली. शेजारपाजारच्यांना तो चांगला सुखाचा संसार वाटायचा, आणि बराचसा तो तसा होताही. एवढंच, की पूर्वी नाथाजी बायकोला कुठलीही गोष्ट एकदा विचारायचा आणि विसरून जायचा. आता तो तीच गोष्ट थोड्या वेळानं, वेगळ्या शब्दांत, सहज आठवल्यासारखी करून पुन्हा विचारायचा. दार लावलं का, कोण आलं होतं, काय म्हणाला. लीलाबाईला ते कळत होतं. ती हातातलं काम थांबवायची आणि दोन्ही वेळा तेच उत्तर द्यायची.